सीमेवर अडणाऱ्या छोट्या मालासाठी गोवा आणि महाराष्ट्र सरकारांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
तसेच दोन्ही राज्यांचे जीएसटी परिषदेवरील मंत्री, राज्य कर आयुक्त आणि अन्न सुरक्षा आयुक्त

विषय: गोव्यातले पेडणे, डिचोली, सत्तरी आणि महाराष्ट्रातले सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या तालुक्यांमधला सीमापार छोटा व्यापार

महोदय,

सावंतवाडीत घरी मालवणी मसाला कुटून विकणाऱ्या बाईची वर्षाची विक्री दोन-तीन लाखांची असेल, तर तिला तो मसाला जीएसटीची नोंदणी न करता थेट नागपूरला विकता येतो. पेडण्याला विकता येत नाही. नागपूर तिच्या राज्यात आहे आणि पेडणे नाही, एवढंच कारण. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम २४ सांगतं की करपात्र माल दुसऱ्या राज्यात पुरवणाऱ्याने पहिल्या रुपयापासून नोंदणी करावी. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला १ एप्रिल २०१९ पासून वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जी मोकळीक आहे, ती गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडताच संपते. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांमार्फत विनानोंदणी माल विकायची सवलत मिळाली, तीही स्वतःच्या राज्यापुरतीच.

आम्ही या पट्ट्यातले करसल्लागार, टेम्पोवाले, काजू आणि मासळीचे छोटे व्यापारी आहोत. दोन्ही बाजूंची माणसं या पत्रात आहेत. करमाफी मागण्यासाठी किंवा आरोग्याचे नियम सैल करा म्हणण्यासाठी हे लिहिलेलं नाही. सीमेजवळच्या लहान माणसाला व्यापाराचा जो हक्क राज्यघटनेने दिला आहे, त्यावरच्या मर्यादा लेखी, सारख्या आणि गरजेपुरत्या असाव्यात, एवढी आमची मागणी आहे. त्या आज कुठे तशा नाहीत आणि काय केलं तर होतील, ते कलमं आणि आकड्यांसकट मांडतो.

आधी कराचं. पहिल्या रुपयापासून नोंदणी का ठेवली, यामागे कारण आहे आणि ते खोटं नाही. जीएसटी हा माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळणारा कर आहे. नोंदणी नसलेल्या माणसाने माल सीमेपार नेला तर त्याचा माग राहत नाही आणि वापरणाऱ्या राज्याचा कर बुडू शकतो. पण हीच भीती हस्तकलेच्या वस्तूंबाबतही होती, आणि तिथे सरकारने २०१७ सालीच वाट काढली. हाताने केलेल्या ठरावीक वस्तू दुसऱ्या राज्यात विकणाऱ्या कारागिराला, उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर, नोंदणीतून सूट आहे. अटी दोनच: पॅन हवा, आणि मालाची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याआधी पोर्टलवर काढायचा वाहतुकीचा कागद, काढायला हवं. या वस्तूंच्या यादीत लाकडी खेळण्यांच्या ओळीत सावंतवाडीचं नाव स्पष्ट छापलेलं आहे. म्हणजे चितार आळीतला कारागीर लाकडाचा आंबा म्हापशाला विनानोंदणी पाठवू शकतो. त्याच्या शेजारच्या घरातलं मिरचीचं तिखट जाऊ शकत नाही. सेवांनाही २०१७ पासून अशीच सूट आहे: दोडामार्गचा फोटोग्राफर डिचोलीतल्या लग्नाचं काम २० लाखांपर्यंत नोंदणीविना करू शकतो.

माग ठेवायचा प्रश्न पॅन आणि ई-वे बिलाने सुटतो, हे सरकारने स्वतःच दाखवून दिलं आहे. मग सीमेलगतच्या तालुक्यांतल्या छोट्या खाद्यपदार्थ विक्रेत्यांना आणि घरगुती उद्योगांना तीच सूट देण्यात अडचण कसली? त्यासाठी संसदेत कायदा बदलावा लागत नाही. कलम २३(२) प्रमाणे जीएसटी परिषदेने शिफारस केली की सरकार अधिसूचनेने एखाद्या वर्गाला नोंदणीतून वगळू शकतं. दोन्ही राज्यांनी मिळून हा प्रस्ताव परिषदेपुढे ठेवावा, ही आमची पहिली मागणी आहे. ही अधिसूचना निघेपर्यंत छोट्या विक्रेत्याला कम्पोझिशनची सोपी योजनाही घेता येत नाही, कारण दुसऱ्या राज्यात माल पुरवणाऱ्याला कलम १० ने त्या योजनेबाहेर ठेवलं आहे. राहतो तो पूर्ण नोंदणीचा रस्ता: विवरणपत्रं भरत राहायचं आणि शून्य विक्रीचं विवरणपत्र चुकलं तरी दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. महिन्याला चार किलो मसाला गोव्यात विकणाऱ्या घराला हे झेपत नाही. ते घर एक तर विक्री सोडतं, नाहीतर चोरून करतं. दुसऱ्या वाटेला लागलेल्या माणसाकडून कर येत नाही, आणि त्याच्या मालावर अन्न सुरक्षेची नजरही राहत नाही.

यातली एक विसंगती आपल्यापुढे खास ठेवायची आहे. पेडण्याचं गिऱ्हाईक बांद्याच्या बाजारात आलं, रोख पैसे देऊन तोच मसाला पिशवीत घालून घरी गेलं, तर ती विक्री महाराष्ट्रातलीच धरली जाते. सीमा गिऱ्हाइकाने ओलांडली तर कायद्याची हरकत नाही, विकणारीने ओलांडली तर आहे. ज्यांच्याकडे गाडी आणि वेळ आहे ते गिऱ्हाईक येतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसू पाहणाऱ्या बाईची वाट मात्र बंद होते.

काजूचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे आणि चुका तिथेच सर्वांत जास्त होतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. दोडामार्ग, सावंतवाडीची काजू बी डिचोली, सत्तरीच्या कारखान्यांत येते. बागायतदार स्वतःच्या बागेतली बी विकतो तेव्हा त्याला नोंदणी लागत नाही. कायद्याच्या भाषेत तो शेती करणारा आहे, आणि स्वतःच्या जमिनीच्या उत्पादनापुरती त्याला कलम २३ ची सूट आहे. सोलली नाही अशी बी शेतकऱ्याकडून घेतली की ५ टक्के कर घेणारा नोंदणीकृत कारखाना भरतो, आणि आपल्या नावावर स्वतःच बिल लिहितो. इथपर्यंत सगळं सुरळीत आहे.

घोळ होतो तो गावोगाव फिरून बी गोळा करणाऱ्याचा. समजा त्याने १२० रुपये किलोने ४०० किलो बी घेतली आणि टेम्पोतून डिचोलीला नेली. किंमत ४८,००० रुपये. माल ५०,००० च्या आत आहे, ई-वे बिल लागणार नाही, म्हणजे काहीच लागत नाही, असं त्याला वाटतं. तो शेतकरी नाही, व्यापारी आहे, आणि माल राज्याबाहेर पुरवतो आहे. त्यामुळे त्याच्यावर नोंदणीचं बंधन पहिल्याच खेपेपासून लागू होतं. या खेपेवरचा कर होतो २,४०० रुपये. नोंदणी न केल्याचा दंड कलम १२२ प्रमाणे किमान १०,००० रुपये. हाच माणूस तीच बी सावंतवाडीच्या कारखान्याला विकता, तर ४० लाखांपर्यंत कुणी विचारलं नसतं.

उलटा घोटाळा सोलून घेण्यासाठी पाठवलेल्या बीमध्ये होतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याने बी विकली नाही, मजुरीवर फोडून आणायला सीमेपारच्या कारखान्यात पाठवली, तर जीएसटीच्या नियम १३८ प्रमाणे किंमत कितीही असो, ई-वे बिल काढावंच लागतं. पन्नास हजारांची मर्यादा तिथे लागू नाही. दहा हजारांची पोती चलानवर पाठवली आणि ई-वे बिल नाही म्हणून गाडी अडकली, याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. या नियमांचं साधं कोष्टक मराठीत आणि कोकणीत छापून काजूच्या हंगामाआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दोन्हीकडच्या पंचायतींत लावलं तरी अर्धे तंटे मिटतील.

जत्रांचंही सांगितलं पाहिजे. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत सिंधुदुर्गातले खाजेवाले यावेत आणि आंगणेवाडीला गोव्याचे जावेत, ही इथली जुनी रीत आहे. गोव्याच्या खाज्याला तर २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण करपात्र माल घेऊन दुसऱ्या राज्यात चार दिवस दुकान मांडणारा माणूस कायद्याने तात्पुरता करदाता ठरतो. त्याने किमान ५ दिवस आधी अर्ज करायचा, अंदाजे विक्रीवरचा कर आगाऊ भरायचा, आणि मिळालेली नोंदणी एका वेळी फार तर ९० दिवस चालते. जत्रेत विक्री किती होईल ते पावसावर आणि गर्दीवर ठरतं. आगाऊ भरलेला कर जास्त झाला तर तो विवरणपत्र भरल्यावर परत मागायचा. जत्रेतल्या छोट्या दुकानांनाही वरच्याच अधिसूचनेत घ्यावं.

आता घटनेचा आधार, थोडक्यात. अनुच्छेद १९(१)(छ) प्रत्येक नागरिकाला व्यवसाय-व्यापाराचा हक्क देतो, आणि १९(६) त्यावर सार्वजनिक हितासाठी वाजवी बंधनं घालू देतो. ती बंधनं कायद्याने घालायची असतात. अनुच्छेद ३०१ म्हणतो की भारतभर व्यापार आणि ये-जा मुक्त राहील. ३०४ प्रमाणे राज्य बाहेरून आलेल्या मालावर स्थानिक मालाइतकाच कर लावू शकतं. सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालणारा कायदाही ते करू शकतं, पण त्या विधेयकाला राष्ट्रपतींची पूर्वमंजुरी लागते. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींनी ज्या सीमेवर गोळ्या झेलल्या, ती परक्या राज्याची जकातीची सीमा होती. १९ डिसेंबर १९६१ नंतर तिथे ३०१ वा अनुच्छेद पोचला.

न्यायालयांनी या हक्काचं माप बरंच स्पष्ट केलं आहे. चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश या १९५० च्या निकालात शेतीच्या हंगामात विडी वळण्यावरची सरसकट बंदी रद्द झाली. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू चांगला होता, पण बंदीत शेतात काम करू न शकणारे म्हातारे, मुलं आणि आजारीही सापडत होते. हेतूपेक्षा रुंद बंधन वाजवी नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. करांपुरतं बोलायचं तर २०१६ साली जिंदाल स्टेनलेस खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की बाहेरच्या आणि आतल्या मालात भेद न करणारा कर ३०१ चा भंग करत नाही. म्हणून आम्ही कलम २४ घटनाबाह्य आहे असं म्हणत नाही. ते धोरण म्हणून बदलावं, असं म्हणतो.

मासळीबाबत मात्र आमचं म्हणणं हक्काचंच आहे.

२०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे विषारी रसायन वापरल्याचा संशय आला. लोक घाबरले, आणि घाबरणं साहजिक होतं. गोवा सरकारने राज्याबाहेरच्या मासळीवर बंदी घातली. त्या वर्षाच्या अखेरीस अटी आल्या: बाहेरून येणाऱ्या मासळीवाल्याची अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी हवी आणि गाडी इन्सुलेटेड, म्हणजे बाहेरची उष्णता आत येऊ न देणारी, हवी. मोठ्या घाऊक व्यापाऱ्याने गाड्या बदलल्या. मालवण, वेंगुर्ले, शिरोड्याहून चार-सहा पाट्या बांगडा, तारली किंवा मोरी घेऊन रोज पहाटे गोव्यात उतरणाऱ्यांना ते परवडणारं नव्हतं.

मासळी ताजी राहते ती गाडीने की बर्फाने, ते पाहू. बांगडा किंवा तारली पकडल्यावर ५ अंशांच्या वर राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होऊ लागतं. अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी, उलट्या होतात त्या त्यामुळे, आणि शिजवून ते नाहीसं होत नाही. म्हणून खाली कुटलेल्या बर्फाचा थर, त्यावर मासळी, मग पुन्हा बर्फ, आणि एकूण बर्फ मासळीच्या वजनाइतका, हा जुना आणि बरोबर हिशेब आहे. वितळलेलं पाणी खालून निघून जायला भोक हवं, नाहीतर खालची मासळी रक्ताच्या पाण्यात भिजते आणि तिथूनच नासायला लागते. पफच्या किंवा जाड थर्माकोलच्या झाकणाच्या पेटीत ४० किलो मासळीला ४० किलो बर्फ घातला, तर वेंगुर्ल्याहून म्हापशापर्यंतच्या प्रवासात ती थंडच राहते. उलट इन्सुलेटेड गाडी स्वतः काहीच थंड करत नाही. आत गेलेली थंडी ती फक्त धरून ठेवते. उन्हात तापलेल्या रिकाम्या गाडीत अर्ध्या बर्फाची मासळी भरली आणि वाटेत चारदा दार उघडलं, तर नियमाप्रमाणे गाडी बरोबर असूनही माल खराब पोचतो.

म्हणजे आरोग्यासाठी जी गोष्ट हवी ती आहे तापमान. माशाच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटरची सुई घालायची आणि ५ अंश किंवा त्याखाली आहे का ते पाहायचं. हे मोजमाप मोठ्या ट्रकला आणि छोट्या टेम्पोला सारखंच लागू होतं, आणि नाक्यावर दोन मिनिटांत होतं. गाडी कसली हवी ही अट चिंतामण राव निकालातल्या बंदीसारखीच हेतूपेक्षा रुंद आहे. पाच तास चालणाऱ्या ट्रकसाठी ती ठेवा. दोन तासांच्या आत पोचणाऱ्या आणि ठरावीक वजनाखालच्या मालाला बंद पेटी, बर्फाचं प्रमाण आणि तापमान, या तीन अटी पुरेत.

युरोपच्या सामायिक बाजारातही हाच प्रश्न आला होता. फ्रान्सचं कासी नावाचं फळांचं मद्य जर्मनीत विकू देईनात, कारण जर्मनीत अशा मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल हवं होतं आणि त्यात १५ ते २० टक्केच होतं. २० फेब्रुवारी १९७९ च्या निकालात युरोपीय न्यायालयाने म्हटलं की एका सदस्य देशात कायदेशीर बनलेला माल दुसऱ्याने अडवायचा असेल तर आरोग्यासारखं ठोस कारण हवं, आणि बाटलीवर टक्केवारी छापून काम भागत असेल तर बंदी चालणार नाही. तिथे देश वेगवेगळे आणि कायदे वेगवेगळे होते. आपल्याकडे तर अन्न सुरक्षा कायदा २००६ हा एकच केंद्रीय कायदा आहे आणि नोंदणीचा १४ आकडी क्रमांकही एकाच पद्धतीचा. २०११ च्या नियमावलीने १२ लाखांपर्यंत उलाढालीच्या छोट्या विक्रेत्याला परवाना न मागता फक्त नोंदणी मागितली, आणि अर्जावर ७ दिवसांत निर्णय किंवा तपासणीची नोटीस द्यायला सांगितलं. सिंधुदुर्गात मिळालेली ही नोंदणी गोव्यात ग्राह्य धरली जाईल, असं एक परिपत्रक गोव्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी काढावं. तीच गोष्ट उलट्या बाजूने महाराष्ट्राने करावी.

फॉर्मेलिनच्या तपासणीबद्दलही बोलायला हवं, कारण २०१८ नंतर लोकांच्या मनातली भीती पुरती गेलेली नाही. रंग बदलणारी पट्टी ही पहिली चाळणी आहे. बोंबलासारख्या काही माशांत साठवणीत आपोआपच थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं, म्हणून पट्टीचा रंग एवढ्यावरून विष मिसळल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नमुन्याचे चार भाग करायचे: एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि व्यापाऱ्याने मागितल्यास चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाला अहवाल द्यायला १४ दिवस आहेत. ताजी मासळी १४ तासही थांबत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात निकाल लागतो तो पट्टीवरच, आणि पट्टी रंगली तर पुढे काय, हे कुठेही लिहिलेलं दिसत नाही. ते लिहा: दुसऱ्या पट्टीने फेरचाचणी, वेगवेगळ्या पेट्यांतून तीन नमुने, संशयित पेटी तेवढीच बाजूला, बाकीचा माल पुढे, आणि जे काही जप्त होईल त्याची वजनासकट पावती. चौथा भाग मागायचा हक्क आहे हे मासेवालीला तिथल्या तिथे सांगितलं जावं.

बंदीच घालायची वेळ आली तरी याच कायद्यात तिची रीत आहे. कलम ३०(२)(क) प्रमाणे आयुक्त राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या अन्नपदार्थावर जास्तीत जास्त एक वर्ष बंदी घालू शकतात. महाराष्ट्राची गुटखाबंदी २०१२ पासून याच कलमाखाली, दरवर्षी नव्या अधिसूचनेने चालू आहे. लेखी कारण, ठरलेली मुदत, सगळ्यांना सारखी. पत्रकार परिषदेत जाहीर झालेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नाक्यावर लागू झालेली बंदी यात बसत नाही. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत गोव्याची चूल बरीचशी बाहेरच्या मासळीवर चालते, आणि १४ जूनला पूर्व किनाऱ्याची बंदी उठली की तिकडचा माल येऊ लागतो. नेमक्या त्याच काळात तोंडी आदेश निघाले तर नुकसान गोव्याच्या खाणाऱ्याचंही होतं.

नाक्यावरच्या तपासणीबद्दल चार गोष्टी, ज्या कायद्यात आहेत आणि अमलात हव्यात. ई-वे बिल तपासण्याचा अधिकार आयुक्तांनी नेमलेल्या कर अधिकाऱ्यालाच आहे. तपासणीचा सारांश त्याने २४ तासांत पोर्टलवर भरायचा असतो, आणि राज्यात एकदा तपासलेली गाडी करचुकवेगिरीची ठोस माहिती असल्याशिवाय वाटेत पुन्हा तपासायची नसते. ३० मिनिटांपेक्षा जास्त अडवून ठेवलं तर वाहतूकदार पोर्टलवर ईडब्ल्यूबी-०४ हा अर्ज भरून तशी नोंद करू शकतो. फार थोड्या टेम्पोवाल्यांना हे माहीत आहे. पिन कोड चुकला, नावात अक्षर इकडचं तिकडे झालं, गाडीच्या नंबरातला एखादा आकडा चुकला, अशा किरकोळ चुकांना १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने केंद्र आणि राज्य मिळून १,००० रुपये दंड ठरवला आहे. त्यासाठी २०० टक्क्यांच्या दंडाचं कलम १२९ दाखवणं चूक आहे. करमुक्त मालावर तर त्या कलमाखालीही मालक पुढे आला की किमतीच्या २ टक्के किंवा २५,००० रुपये, यांतली कमी रक्कमच लागते. ताजी मासळी, ताजा आंबा, ताजी भाजी यांना ई-वे बिल लागतच नाही. साधं बिल ऑफ सप्लाय, म्हणजे करमुक्त मालाचं बिल, किंवा नोंदणी नसलेल्याची साधी पावती पुरते. गाडीच्या बाबतीत, एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यातच येतो. त्याच्याकडे विमा, फिटनेस आणि पीयूसी मागा, डिजिलॉकरमधले कागद चालवून घ्या, परमिट मागू नका.

दारूबाबत आमची काही मागणी नाही. तिच्या व्यापाराचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज निकालात स्पष्ट केलं आहे. दारू जीएसटीबाहेर आहे, आणि महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ मुळे परवान्याशिवाय फेणीची बाटलीही बांद्यात गुन्हा ठरते. म्हणून अबकारी नाके राहणार. त्या नाक्यांवर दारूचीच तपासणी व्हावी आणि काजूच्या पोत्याचं बिल मागितलं जाऊ नये, एवढं लेखी कळवावं.

शेवटी एक गोष्ट आपल्याइतकीच आमच्या व्यापारी बांधवांनाही सांगायची आहे. व्यापार अडवणारं नेहमी सरकारच असतं असं नाही. बाजारातल्या संघटना, वाहतूकदारांच्या युनियन कधी ठरवतात की बाहेरच्या नंबरप्लेटची गाडी इथे भरायची नाही, अमुक गावच्या माणसाने या बाजारात बसायचं नाही. संघटना करण्याचा आणि भावासाठी भांडण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण प्रदेशानुसार बाजार वाटून घेणारा समझोता स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(३) खाली येतो, आणि त्याने स्पर्धेला बाधा येते असं कायदा धरूनच चालतो. ३ जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालात घटनापीठाने बहुमताने म्हटलं की अनुच्छेद १९ आणि २१ मधले हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. युरोपातही २००७ च्या डिसेंबरात लावाल आणि वायकिंग या दोन निकालांत मुक्त व्यापाराचं बंधन कामगार संघटनांवरही आहे असं ठरलं. लावालमध्ये लाटवियाच्या बांधकाम कंपनीला स्वीडनमधल्या संघटनांनी काम करू दिलं नव्हतं. कमी मजुरीच्या माणसांनी आपलं काम जाईल ही त्या संघटनांची भीती खरी होती, आणि आमच्याकडेही अशीच भीती असते. तिच्यावर उपाय म्हणून दर जाहीर करा, वजनकाटा तपासा, बाजारातल्या जागांची सोडत काढा. दुसऱ्याची गाडी अडवणं हा उपाय नाही. अशा अडवणुकीची तक्रार कुठे करायची, तो फोन नंबर दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांत आणि नाक्यांवर लावावा.

यातलं जीएसटीचं काम परिषदेतून होईल आणि त्याला वेळ लागेल, हे आम्ही जाणतो. नोंदणीच्या परस्पर मान्यतेचं परिपत्रक, तापमानाची अट आणि पट्टी रंगल्यावरची कार्यपद्धती यांना मात्र दोन आयुक्तांच्या सह्या पुरतात. ती तीन कागदपत्रं मराठी आणि कोकणीत, ३१ जुलैला मासेमारी बंदी संपण्याआधी पत्रादेवी, दोडामार्ग, न्हयबाग आणि केरी इथे लावावीत. मसुदा तयार करण्यासाठी आमच्यातले करसल्लागार आणि मासळीवाले आपल्या अधिकाऱ्यांसोबत बसायला तयार आहेत.

आपले,
पेडणे, डिचोली, सावंतवाडी आणि दोडामार्ग परिसरातले करसल्लागार, मालवाहतूकदार, काजू आणि मासळीचे छोटे व्यापारी